तीन दारांचं घर

जुनी काच हातात आली की करीमचाचा आधी तिचा कोपरा खालच्या ओठाला लावतात. ओठ किंचित चिकटला तर ती मसाल्याची बाजू, म्हणजे फोटो तिकडे. नुसता गारठा लागला तर ती कोरी काच. नवख्या माणसाला हे बघून हसू येतं. लग्नाआधी मुलगा बघायला स्टुडिओत आलेल्या गौहरचाचींच्या मावशीनं तर तोंडावर विचारलं होतं, "दूल्हे मियाँ कांच कायकू चाटरें?" चाचांनी तेव्हाही मनावर घेतलं नाही, आताही घेत नाहीत. ज्या ओठांनी चाळीस वर्षं घर चालवलं त्यांना लाजायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

चाचा लोटाकारंजा मोहल्ल्यात राहतात. वय बहात्तर. त्यांचे वडील हिमरूचं कापड विणायचे. ते अकाली गेले आणि मॅट्रिकला लटकलेला करीम गुलमंडीवरच्या तात्यासाहेबांच्या स्टुडिओत कामाला लागला. काम रिटचिंगचं. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे वण बुजवायचे, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची. फिल्म आली, रंगीत फोटो आले, तरी जुन्या काचांवरून प्रती काढून मागणारी गिऱ्हाइकं येतच होती. गुलमंडीतल्या निम्म्या सासवांना देवीचे वण होते, पण फोटोत ते एकीलाही सापडायचे नाहीत. ती सगळी करीमच्या डाव्या हाताची करामत. होय, चाचा डावखुरे आहेत. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तात्यासाहेब जिभेनं तिखट आणि मनानं साखर. त्यांचे नियम दोनच. पहिला असा, की पेन्सिल पुसता येते, रंग धुता येतो, पण चाकूनं खरवडलेलं ब्रह्मदेवालाही भरून काढता येत नाही, म्हणून चाकू सगळ्यात शेवटी. दुसरा असा, की फोटोत जे नाही ते आहे म्हणून दाखवायचं नाही. सासवांचे वण या नियमात कसे बसत होते ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण या माणसानं शिकाऊ करीमला स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घातली, रमजानात दुपारी त्याच्यासमोर कधी चहाचा कप तोंडाला लावला नाही, आणि जाण्याआधी स्टुडिओतल्या जुन्या काचांच्या अकरा लाकडी पेट्या त्याच्या घरी पोहोचवल्या. "आमचे चिरंजीव पुण्याला. ते या भंगारात देतील. तू ठेव," एवढंच बोलले. त्या पेट्या आजही चाचांच्या पलंगाखाली आहेत. गौहरचाची त्यांना सवती म्हणतात आणि दर ईदला स्वतःच्या हातानं पुसतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी विशाखा नावाची मुलगी चाचांचं घर शोधत आली. ती कन्नड गावच्या एका कॉलेजात शिकवते. तिच्याबरोबर साठी उलटलेली, सडपातळ, ताठ कण्याची एक बाई होती. तिचं नाव लीलाबाई. विशाखानं पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. कॉलेजच्या व्हरांड्यात ती कित्येक वर्षं टांगलेली होती, आणि मागच्या बाजूला तात्यासाहेबांच्या स्टुडिओचा शिक्का होता.

फोटो इंग्रजांच्या काळातला. एक पुरुष, एक बाई, दोन पोरं, चौघं ताठ उभी. पुरुषाच्या हातात धनुष्य आणि शेजारी उभी केलेली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची उंची मोजायची काठी. खाली लिहिलेलं, 'भिल्ल, बेहड्याची वस्ती, कन्नड'. नाव कुणाचंच नाही. मागं झाड नाही, डोंगर नाही, पायांखाली जमीनसुद्धा नाही. सगळं पांढरंफटक.

"नातीच्या ॲडमिशनला गेले व्हते," लीलाबाई म्हणाल्या. "समोर ह्यो फोटू. वस्तीचं नाव नातीनं वाचलं, अन् मंग म्या कान बघितला. ह्यो बघा, डावा कान. बिबट्यानं फाडलेला. आमच्या जालमबाबाचा. माझा बाप सांगायचा ते समदं डोळ्याम्होरं उभं ऱ्हायलं. पर भाऊ, ही माणसं उभी कशावर हायेत? यांचं घर कुठं गेलं?"

चाचांनी फ्रेमवर नुसता हात ठेवला. घर लागतंय कशाला, ते लीलाबाईंनीच सांगितलं. जालम आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच घरात राहायचे. धाकटा तापानं गेला. त्याची बायको भुरी तेव्हा विशीत, कडेवर सहा महिन्यांचं पोर. ते पोर म्हणजे लीलाबाईंचा आजा.

"लोकं म्हनली, माहेरी धाडा, नायतर गोठ्यात ठिवा. जालमबाबानं कुणाचं ऐकलं नाय. कूड फोडला अन् म्होरल्या अंगाला तिला येगळं दार काढून दिलं. आपल्या दाराच्या वळीत. म्हनला, येता-जाता कुणाला इचारायचं नाय. दोन दारांचं घर आमच्या वस्तीत तेवढं एकच." लीलाबाईंनी फोटोतल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पर वस्ती बहात्तरच्या दुष्काळात उठली. घर तर माझ्या जल्माआदीच पडलं व्हतं. आता जालमबाबाचीच भावकी आमाला म्हंती, तुमी गोठ्यातले. लग्नाकार्यात मागं बसवत्यात. बाप मरस्तोवर सांगत व्हता, दोन दारं व्हती. कुणी इस्वास ठिवला नाय. मला भांडायचं नाय, भाऊ. मला फकस्त बघायचंय. बाप खोटं बोलत व्हता का खरं."

विशाखा म्हणाली, "चाचा, मूळ काच असेल का तुमच्याकडं? या प्रिंटमध्ये मागचं सगळं काढून टाकलेलं दिसतंय."

गौहरचाचींनी न सांगता पलंगावरची चादर वर खोचली. तात्यासाहेबांनी प्रत्येक पेटीवर आपल्या झोकदार अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. छावणीतला एका गोऱ्या साहेबाचा स्टुडिओ कधीकाळी बंद पडला, त्याच्या काचा सातव्या आणि आठव्या पेटीत होत्या. आठवीत, खालून तिसरी. चाचांनी कोपरा ओठाला लावला, बाजू ओळखली आणि काच खिडकीकडे धरली.

चौघांच्या आकृत्यांभोवती सगळीकडे विटकरी रंगाचा जाड थर होता. रिटचिंगवाले त्याला ओपेक म्हणायचे. निगेटिव्हवर तो फासला की मागचं सगळं झाकतं आणि कागदावर पांढरं उमटतं. चाचांनी भिंग लावलं. ब्रशचे फटकारे उजवीकडून सुरू होऊन डावीकडं वळलेले. डावखुऱ्याचा हात. स्टुडिओत डावखुरा एकच होता.

करीमचाचांनी भिंग खाली ठेवलं.

सगळं आठवलं. दुष्काळाचं वर्ष होतं. करीम वीस वर्षांचा. कुठल्याशा प्रदर्शनाचा एक साहेब स्टुडिओत आला होता. त्याला आदिवासी हवे होते, झोपडी नको होती. "देश पुढं चाललाय, तात्यासाहेब. मागचं ते गवताचं काढून टाका." एकट्यानं करायचं करीमचं हे पहिलं काम. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! कुणाला न विचारता त्यानं सरळ चाकू उचलला. मसाला खरवडला की कागदावर तिथं काळं कुळकुळीत उमटतं, मागं मखमली पडदा सोडल्यासारखं. काम झटपट आणि थाट विलायती. त्यानं एका कडेनं खरवडायला घेतलं आणि तेवढ्यात तात्यासाहेबांनी मनगट धरलं.

"गाढवा, कुणाचं घर आहे ते! आज नको असेल, उद्या कुणाला लागेल. झाकायचं तर झाक, मोडतोस कशाला?"

मग करीमनं ओपेक फासलं. तो दिवस आणि आजचा दिवस. चाकू चालला होता, एवढं चाचांना पक्कं आठवत होतं. कुठल्या कडेला आणि किती, ते काही केल्या आठवेना.

"बाई," ते म्हणाले, "हा रंग मी लावलाय. माझ्या हातानं. तुमचं घर मी झाकलं."

लीलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "म्हंजे खाली हाय?"

"असेल."

चाकूचं मात्र ते बोलले नाहीत. बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उगवलं होतं ते बघून मिटलं.

रंग पाण्यात विरघळणारा, पण खालचा मसाला सव्वाशे वर्षांचा. पाणी थोडं जास्त झालं तर तो सायीसारखा उचलून येणार, आणि घराबरोबर माणसंही जाणार. काच एकच. गौहरचाची म्हणाल्या, "आँखां का आपरेशन होके छे महिने नै हुए. हात कांपता तुमारा." चाचा म्हणाले, "जिसने लगाया, वोइच निकालेगा." त्यांनी माठातलं गार पाणी वाटीत घेतलं, काडीला कापूस गुंडाळला, बिस्मिल्ला म्हटलं आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली. कापूस फक्त टेकवायचा, उचलायचा, फेकायचा. घासायचं नाही. विशाखानं लॅपटॉपचा पडदा पांढरा करून मागं धरला होता. मध्येमध्ये ती फोननं फोटो काढायची आणि काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून लीलाबाईंना दाखवायची.

तासाभरानं गवताचं छप्पर दिसायला लागलं. मग कुडाच्या उभ्या काड्या, त्यावरचा शेणामातीचा लेप, लेपात बोटांचे फराटे. लीलाबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग डाव्या कडेला, कुडात, पुरुषभर उंचीचा एक काळा उभा पट्टा उमटला.

"दार!" लीलाबाई उभ्याच राहिल्या. "ह्येच त्ये! विशाखाताई, ह्येच! माझा बाप खरं बोलत व्हता!" त्यांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विशाखाचे डोळे भरून आले. गौहरचाचींनी "अल्हमदुलिल्लाह" म्हणून पदर डोळ्यांना लावला.

चाचा भिंगातून बघत राहिले. पट्ट्याच्या कडा दातेरी होत्या. आत वरून खाली केसासारख्या बारीक रेघा. ते दार नव्हतं. तो त्यांचा चाकू होता.

खोलीत चार माणसं आणि त्यातलं एकच जाणतं. गप्प बसायला काही खर्च नव्हता. बाई समाधानानं घरी गेली असती, नातीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसली असती, आणि कन्नडात कुणाकडं असलं भिंग आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. चाचा मला सांगत होते, की आयुष्यात एवढा मोह कधी झाला नाही, आणि तोही पापाचा नव्हे, पुण्याचा. पण मनगटावर तात्यासाहेबांची बोटं अजून होती. फोटोत जे नाही ते आहे म्हणून दाखवायचं नाही.

"बसा, बाई," ते म्हणाले. "ते दार नाही. ती माझी चूक आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चाकू, बाशिंग, मनगट, सगळं. "तिथं खाली काय होतं ते आता कुणालाच कळायचं नाही. कूड असेल. दारही असेल. मी खरवडून टाकलं. माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही मला."

लीलाबाई खाली बसल्या. वाटीतल्या लाल पाण्यात त्यांनी बोट बुडवून पाहिलं. चाचांना वाटलं, आता त्या उठतील आणि जातील.

"ऱ्हायलेलं पुसा," त्या म्हणाल्या.

पण ओल्या काचेला लगेच हात लावता येत नव्हता. ती सुकेपर्यंत थांबणं भाग होतं. गौहरचाचींनी खिचडी-खट्टा वाढलं. लीलाबाईंनी दोन घास खाल्ले, ताट मात्र स्वतः धुऊन ठेवलं. चाचांनी ताटाला हातही लावला नाही. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढून आले तेव्हा ऊन उजव्या बाजूनं खिडकीत उतरलं होतं. त्यांनी पुन्हा कापूस गुंडाळला.

आता चौघांच्या मागचा भाग निघाला. तिथं दार होतं, रुंद, जालमचं. त्यानंतर कूड. पुन्हा कूड. मग रंगाचा शेवटचा चार बोटं रुंद पट्टा राहिला.  चाचांनी डावा हात उजव्या हातानं धरला आणि कापूस टेकवला.

विशाखानं फोटो काढला, रंग उलटे केले. फोन तिनं नुसता लीलाबाईंपुढं धरला.

जालमच्या दाराच्या ओळीत, पुढच्या अंगाला, दुसरं दार होतं. अरुंद, चौकटीला सालीसकट लाकूड, घाईनं पण नीट बसवलेलं. कडा सरळ. भिंग लावून चाचांनी तीनदा पाहिलं, एकही रेघ चाकूची नाही. आणि दारात एक बाई उभी होती. फोटोवाल्या गोऱ्या साहेबानं तिला बोलावलं नव्हतं, काठीजवळ उभं केलं नव्हतं, मोजलं नव्हतं. ती आपल्या दारात उभी राहून हे काय चाललंय ते बघत होती. एक हात चौकटीवर. कडेवर पोर, पण त्याचं तोंड धुरकट, कारण फोटो निघताना ते हललं होतं.

वीस वर्षांच्या करीमला काचेवर तो नुसता फिक्या रेघांचा गोंधळ वाटला होता. घर झाकताना माणूसही झाकला, हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"भुरी," लीलाबाई म्हणाल्या. मग त्या धुरकट तोंडावर बोट ठेवून, "अन् ह्यो माझा आजा. चुळबुळ करतोय बघा." त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. खाली वाकून त्यांनी ओल्या काचेऐवजी तिच्यामागच्या लॅपटॉपला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. लॅपटॉपच्या पाया पडलेलं माणूस लोटाकारंज्यात यापूर्वी कुणी पाहिलं नसेल, पण त्या वेळी कुणाला हसावंसं वाटलं नाही.

"बावन्न वर्षं मी यांना अंधारात ठेवलं, बाई," चाचा म्हणाले.

"झाकलं म्हनून ऱ्हायलं, भाऊ," लीलाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "आमच्या वस्तीवरली घरं कुणी झाकून ठिवली नव्हती. एक बी ऱ्हायलं नाय. त्या काठीवाल्या सायबानं आमाला जनावरावानी मोजलं, पर घर धरून ठिवलं. तुमच्या तात्यासायबानं हात धरला. तुमी रंग लावला. अन् आज खरं बोलला. खोटं बोलला असता तर मी त्या काळ्या डागाच्या पाया पडून गेले असते, अन् भुरी तशीच रंगाखाली ऱ्हायली असती."

चाचांनी मान खाली घातली. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं ते त्यांनी मला साध्या शब्दांत सांगितलं. तात्यासाहेबांचे आभार मानायचे राहून गेले होते. ते गेले त्या दिवशी चाचा त्यांना खांदा द्यायला गेले होते, पण आभार कशाचे मानायचे हे त्या दिवशी माहीतच नव्हतं. ते आज कळलं.

विशाखानं विचारलं, "मावशी, मोठी प्रिंट काढून देते. डाव्या कडेचा काळा पट्टा कॉम्प्युटरवर भरता येईल. शेजारच्या कुडासारखा कूड तिथं लावला की कुणाला कळणारही नाही. काढू?"

चाचांनी लीलाबाईंकडं पाहिलं. तो निकाल त्यांचा नव्हता.

लीलाबाईंनी फोन पुन्हा हातात घेतला. उजवीकडं भुरीचं दार, मध्ये जालमचं, डावीकडं तो काळा उभा पट्टा. त्यांनी तिन्हींवरून एकेकदा बोट फिरवलं.

"नगं. असू द्या," त्या म्हणाल्या. "जालमबाबानं भुरीला दार काढून दिलं. ह्ये तिसरं करीमभाऊचं. येता-जाता कुणाला इचारायचं नाय."

करीमचाचा लाल पाण्याची वाटी उचलून मोरीकडं गेले. वाटी केव्हाच धुऊन झाली होती, तरी नळ बराच वेळ चालू होता.